बाळगोळीपासून नॅलोक्सोनपर्यंत : अडलेल्या श्वासाचा इतिहास



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन यांवर मोकळेपणानं बोलतो. घरातल्या माणसाच्या नशेवर मात्र वही उघडी असताना कुणी बोलत नाही. ते बोलणं बैठक संपल्यावर, दारात चपला घालताना होतं. "ताई, ह्यांचं आजकाल गोळ्यांवरच चाललंय." दारूचा वास तरी येतो. गोळीला वास नाही. माणूस जेवतो, आडवा होतो, घोरतो आणि घरातले म्हणतात, झोपलाय, झोपू द्या. ती झोप नसून श्वास थांबत चालला असेल तर ते ओळखायचं कसं? आणि ओळखलंच, तर पुढच्या पाच-दहा मिनिटांत काय करायचं? आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे. पण तिथवर मी तुम्हाला जुन्या वाटेनं नेणार आहे. या प्रश्नाचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि त्यात बायकांचा, लेकरांचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. दिवाळीच्या अनारशाला आपण खसखस लावतो. ती खसखस अफूच्याच झाडाची. बोंड वाळलं की आतून बी निघतं, ती आपली खसखस. तिनं नशा येत नाही. पण बोंड हिरवं असताना त्याला चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो, तो वाळून तपकिरी होतो, ती अफू. त्या चिकातलं मुख्य द्रव्य म्हणजे मॉर्फिन. फ्रिडरिश सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधकारानं ते १८०५ च्या सुमारास वेगळं काढलं. मोठ्या ऑपरेशननंतर, कॅन्सरच्या असह्य दुखण्यात डॉक्टर आजही मॉर्फिन देतात. म्हणजे मुळात हे झाड वैरी नाही. दुखणं थांबवणारं इतकं जोरकस औषध माणसाला दुसरं फारसं मिळालेलं नाही. मात्र जे द्रव्य दुखणं थांबवतं तेच श्वासही मंद करतं. औषध आणि विष यांच्यात अंतर आहे ते मात्रेचं.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात माळव्यात, म्हणजे इंदूर, उज्जैन, मंदसोर या भागात, अफूचं मोठं पीक निघायचं. तिथं शिंदे, होळकर यांची राज्यं होती. ही अफू बैलांवर, उंटांवर लादून बंदराकडे यायची आणि जहाजानं चीनला जायची. सुरुवातीला बराच माल पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निघून जायचा. तो मुंबईकडे वळवण्यासाठी इंग्रजांनी परवान्याची पद्धत काढली. पेटीमागे शेकडो रुपये कर घेऊ लागले. चीननं अफू नको म्हटलं तेव्हा इंग्रजांनी लढाई केली. १८३९ ते १८४२ अशी एक आणि १८५६ ते १८६० अशी दुसरी. इतिहासात त्यांचं नावच अफूची युद्धं असं आहे.

या व्यापारातून मुंबईत अनेक मोठी घराणी उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कापूस आणि अफूच्या चीनशी व्यापारातून अफाट पैसा मिळवला आणि दानधर्मही अफाट केला. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. त्याच वर्षी, १८४५ मध्ये, शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. आपल्याकडचा एखादा गंभीर पेशंट आजही जे. जे. ला पाठवला जातो. अफूच्या पैशाचा वाटा असलेल्या त्या दवाखान्यात अफू पोटात गेलेली माणसंही येत असणार, हे इतिहासाचं वळण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. याच कॉलेजात शिकवणारे आणि मुंबई सरकारचे रसायन तपासनीस असलेले डॉ. लायन यांनी १८८९ मध्ये कायदेवैद्यकावर ग्रंथ लिहिला. त्या काळी परवान्याच्या दुकानात अफू राजरोस मिळायची, त्यामुळे जीव द्यायला आणि जीव घ्यायला ती सहज हाताशी असायची.

पण अफूचा सगळ्यात मोठा वापर जिथं झाला तिथं वैर नव्हतं. तिथं आई होती.

मुंबईत गिरण्या वाढल्या तशा कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून बायका कामाला गेल्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत जवळपास पाचातली एक बाई होती. सूत गुंडाळायच्या, लड्या करायच्या खात्यात त्या काम करायच्या. दिवसाचे दहा-दहा तास. तान्हं लेकरू घरी. घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि त्या खोलीतही दोन-तीन कुटुंबं. सासू गावाकडे, शेजारीण स्वतःच कामाला. लेकरू रडलं तर घ्यायचं कुणी? तेव्हा बाजारात अफू घातलेल्या बारीक गोळ्या मिळायच्या, त्यांना बाळगोळी म्हणत. सकाळी कामावर जाताना एक गोळी दुधात नाही तर बोटावर उगाळून चाटवायची. बाळ दिवसभर पडून राहायचं.

१९२१ मध्ये मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि त्यांचे हाल यांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमलं. त्या चाळीचाळीतून फिरल्या. १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. त्यातला एक आकडा पुढं देशभर आणि परदेशातही सांगितला गेला : कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. शंभरात अठ्ठ्याण्णव. म्हणजे न देणारी आई शोधावी लागेल.

त्याच १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेच्या वर तान्ही बाळं दगावली, अशी महापालिकेची नोंद आहे. हा आकडा थोडा जपून वाचायला हवा, कारण बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म गावात आणि मृत्यू मुंबईत असं व्हायचं. सगळे मृत्यू अफूचे होते असंही नाही. कोंदट खोल्या, घाण पाणी, जुलाब, ताप, आईच्या अंगात दूध नसणं, ही सगळी कारणं होती. पण अफू त्या प्रत्येक कारणाला हात द्यायची. गुंगीत असलेलं बाळ भुकेनं रडत नाही, म्हणून त्याला पाजलं जात नाही. त्याचं पोट धरतं, ते वाळत जातं. आणि एखाद्या दिवशी गोळी जरा मोठी पडली, किंवा बाळ आधीच आजारी असलं, तर त्याचा श्वास मंद होत होत थांबतो. आई संध्याकाळी येते तेव्हा सगळं संपलेलं असतं. तिला वाटतं, झोपेत गेलं.

या आयांना अडाणी म्हणून, निर्दय म्हणून नावं ठेवणारे तेव्हाही होते. पण जरा हिशेब मांडा. कामावर नाही गेली तर घर उपाशी. गेली तर लेकरू कुणाकडे? बाळ सांभाळायची सोय कुणीच केली नव्हती आणि गोळी मात्र कोपऱ्यावर मिळत होती. ज्या घरात पाळणाघर पोचलं नाही तिथं अफू पोचली.

हे ज्यांना कळलं त्यांनी आयांना शिव्या देण्यापेक्षा सोयींसाठी भांडण केलं. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ठासून पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मालकानंही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. पुढं १९३१ मध्ये कामगारांसाठी नेमलेल्या रॉयल कमिशननं कारखान्यांत पाळणाघरं हवीत असं सांगितलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानं, पन्नासाहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं आणि नंतर १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. दुसऱ्या बाजूनं अफूची विक्रीही आवळत गेली. १९३० मध्ये धोकादायक औषधांचा कायदा झाला आणि १९५९ पर्यंत परवान्याच्या दुकानातली अफू बंद करायचं सरकारनं ठरवलं. बाळगोळी गेली ती अशी. कायदा, रजा, पाळणाघर आणि दुकानबंदी असे चारही हात लागले तेव्हा.

आता एक गोष्ट आपल्या बाजूची. तुम्ही म्हणाल, मुंबई आपली कुठं, आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. खरं आहे. गेवराईची राजधानी हैदराबाद होती. त्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. ऑपरेशनआधी रोग्याला क्लोरोफॉर्म हुंगवून बेशुद्ध करत आणि कधीकधी रोगी त्यातच दगवायचा. तो का दगावतो हे शोधायला डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं निजामाच्या पैशानं आयोग बसला. त्याला हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन म्हणतात. तिथं काम करणाऱ्यांत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई होत्या. भूल देणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या बायकांमध्ये त्यांचं नाव घेतात. लॉरींचा मुद्दा असा की भूल देताना नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. हृदयाबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढं पूर्ण टिकलं नाही. पण 'आधी श्वास बघा' हा धडा आजही खरा आहे आणि अफूच्या विषबाधेत तर तो पहिला धडा आहे.

कारण अफू माणसाला मारते ती श्वासाच्या वाटेनं. आपल्या मेंदूच्या खालच्या भागात श्वास चालवणारं केंद्र आहे. आपण झोपेत असलो तरी ते काम करतं. अफू, मॉर्फिन, हेरॉईन किंवा त्याच जातीची गोळी मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसते. कुलपात किल्ली बसावी तशी. दुखणं कमी होतं, गुंगी येते. मात्रा वाढली की श्वासाचं केंद्रही सुस्तावतं. मिनिटाला बारा-पंधरा वेळा चालणारा श्वास सहा-सातवर येतो, मग तुटक होतो, मग थांबतो. हृदय अजून धडधडत असतं. म्हणजे मधे काही मिनिटं हातात असतात. माणूस वाचतो किंवा जातो ते त्या मिनिटांत.

या मिनिटांत करायचं काय, हे डॉक्टरांनाही बराच काळ नीट माहीत नव्हतं. रोग्याला दोघांनी धरून खोलीभर चालवायचं, गार पाणी मारायचं, कडक कॉफी पाजायची. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम मूर यांनी लोकांसमोर मॉर्फिन गिळलं आणि लगेच वर पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपण विहिरीत टाकतो ते लाल औषध, पाण्यातून घेतलं आणि वाचून दाखवलं. पण ते चालायचं फक्त विष पोटात असेपर्यंत. रक्तात गेलेल्या अफूवर त्याचा इलाज नव्हता. १९५० च्या सुमारास नॅलॉर्फिन नावाचं औषध वापरात आलं. ते अफूला उलटवायचं, पण स्वतःच श्वास दाबायचं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खरा उतारा मिळाला १९६१ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये मोझेस लेवेनस्टाइन आणि जॅक फिशमन या दोन शास्त्रज्ञांनी नॅलोक्सोन तयार केलं. गंमत अशी की हे औषध अफूतल्याच एका द्रव्यापासून बनतं. काट्यानं काटा काढतात म्हणतो ना, तसंच. नॅलोक्सोन त्याच कुलपात जाऊन बसतं, पण कुलूप उघडत नाही. आधी बसलेल्या अफूला बाहेर ढकलतं आणि जागा अडवून धरतं. टोचल्यावर दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो, डोळे उघडतो. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

फिशमन यांच्या आयुष्याची एक बाजू ऐकून ठेवा. ते पोलंडमधल्या ज्यू घरातले. लहानपणी हिटलरच्या तावडीतून सुटून आईवडिलांबरोबर शांघायला गेले आणि पुढं अमेरिकेत. ज्यानं हा उतारा शोधला त्याच्याच घरात, २००३ मध्ये, त्यांच्या बायकोचा मुलगा हेरॉईनच्या जादा मात्रेनं गेला. औषध जगात होतं, पण त्या घडीला त्या मुलाजवळ नव्हतं. त्या घरानं हे दुःख लपवलं नाही. असं औषध दवाखान्याच्या कपाटात अडकून न राहता लोकांच्या हाताशी असावं, या मागणीला अशाच घरांनी बळ दिलं.

ती मागणी आधीच सुरू झाली होती. १९९६ पासून शिकागोमध्ये नशा करणाऱ्या लोकांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नॅलोक्सोन थेट त्या लोकांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या हाती द्यायला सुरुवात केली. विचार साधा होता. जादा मात्रा होते तेव्हा जवळ डॉक्टर नसतो. जवळ असते आई, बायको, मित्र. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हेच सांगितलं, की ज्यांच्या डोळ्यांदेखत असा प्रसंग घडू शकतो त्यांना हे औषध मिळावं आणि ते वापरायला शिकवावं. अमेरिकेत २०२१ साली एका वर्षात एक लाखाहून जास्त माणसं नशेच्या जादा मात्रेनं गेली. तिथं २०२३ पासून नाकात मारायचा नॅलोक्सोनचा फवारा चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. आपल्या देशात मणिपूर, नागालँडकडे म्यानमारच्या हद्दीतून हेरॉईन येतं. तिथल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनीही हे औषध वापरून माणसं वाचवली आहेत.

आणि महाराष्ट्र? १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली. लोक तिला गर्द म्हणू लागले. ते हेरॉईनचंच मळकट रूप. चांगल्या घरातली, शिकणारी, कामावर जाणारी पोरं तिच्या नादी लागली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या पोरांमध्ये जाऊन लिहिलं, त्याचं 'गर्द' हे पुस्तक झालं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, हे महाराष्ट्राच्या घराघरात पोचवण्यात मुक्तांगणचा मोठा वाटा आहे. तिथं रुग्णाच्या बायकोचंही ऐकून घेतात, तिलाही आधार देतात. त्याआधी नवऱ्याच्या व्यसनाचं खापर बायकोच्याच डोक्यावर फुटायचं.

आता आपल्या गावाचं. गर्द शहरात असेल, पण त्याच जातीची औषधं गावात पोचलीत. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी अफूच्याच कुळातली आहे. ऊसतोड, हमाली, ट्रक चालवणं, अशा अंग मोडणाऱ्या कामात ती कुणी तरी कुणाला तरी देतं. एका गोळीनं भागत नाही, मग दोन, मग चार. २०१८ मध्ये सरकारनं ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, तेही याच कुळातलं. पोरं बाटलीच्या बाटली पितात ती खोकल्यासाठी नव्हे. सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉईन किंवा या कुळातली औषधं वापरताना आढळले. मोठ्या माणसाचं खोकल्याचं औषध तान्ह्या बाळाला किंवा लहान मुलाला चमचाभर देऊन झोपवायचं, हे तर कधीच करू नका. बाळगोळी आणि ते औषध यांत फरक फक्त बाटलीचा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं डॉक्टर सांगतात.

मग ओळखायचं कसं? तीन खुणा पाठ करा. पहिली, हाक मारून, हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात चोळूनही माणूस जागा होत नाही. दुसरी, श्वास फार मंद, तुटक किंवा थांबलेला. घशातून घरघर येते, ती आपल्याला घोरणं वाटते. ओठ आणि नखं निळी-राखाडी पडतात. तिसरी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली.

इथं एक सावधगिरी. फवारणीच्या काही औषधांच्या विषबाधेतही बाहुली अशीच बारीक होते. पण त्यात तोंडाला फेस, लाळ, घाम येतो, अंग थरथरतं आणि औषधाचा उग्र वास येतो. त्याचा उतारा वेगळा आहे. नॅलोक्सोन त्यावर चालत नाही. दारूवर, झोपेच्या गोळीवरही चालत नाही. म्हणून जवळ पडलेली बाटली, गोळ्यांचं रिकामं पाकीट, जे सापडेल ते दवाखान्यात बरोबर न्या. लपवू नका.

आणि करायचं काय? एकीनं लगेच १०८ ला फोन लावायचा आणि 'बेशुद्ध आहे, श्वास चालत नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. दुसरीनं माणसाला उताणं करून हनुवटी वर उचलायची, म्हणजे श्वासाची वाट मोकळी होते. तोंडात काही अडकलं असेल आणि दिसत असेल तर काढायचं. श्वास नसेल किंवा अगदीच तुटक असेल तर नाक दाबून तोंडानं श्वास द्यायचा, दर पाच सेकंदांना एक, छाती वर येते का बघत. बाळ असेल तर त्याच्या नाकतोंडावर मिळून आपलं तोंड ठेवायचं आणि गालात मावेल एवढीच हवा फुंकायची, दर दोन-तीन सेकंदांना एक. फवारणीच्या औषधाचा संशय असेल तर तोंडाला तोंड लावू नका, ते विष तुम्हालाही लागेल. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. एकटं सोडू नका. कांदा हुंगवणं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, डोक्यावर घागर ओतणं, दोघांनी धरून चालवणं, यात फक्त मोलाची मिनिटं जातात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

दवाखान्यात नॅलोक्सोन दिलं, माणूस उठून बसला, की लगेच घरी न्यायची घाई करू नका. हे औषध अर्धा ते दीड तास टिकतं. गोळीचा अंमल त्याहून जास्त वेळ राहू शकतो. उतारा ओसरला की श्वास पुन्हा थांबू शकतो. जागा झालेला माणूस चिडेल, ओकेल, "मला काही झालं नाही" म्हणेल. तरी डॉक्टर सोडेपर्यंत तिथंच थांबा.

धोक्याचा काळ कोणता, हेही सांगते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परत आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त धोक्यात असतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि त्यानं जुन्याच हिशेबानं गोळ्या घेतल्या तर त्या त्याला झेपत नाहीत. गोळीवर दारू घेतली तर धोका दुप्पट. म्हणून केंद्रातून सुटका झाली की घरच्यांनी निश्चिंत व्हायचं नाही.

पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न जाण्यानं जीव जातात. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल, तर खटल्यातून संरक्षण मिळण्याची वाट त्यात ठेवली आहे. व्यसनाबद्दल सल्ला हवा असेल तर १४४४६ हा सरकारचा मोफत फोन आहे.

आपल्याकडे नॅलोक्सोन मिळतं ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, दवाखान्यात, डॉक्टरच्या हातून. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. पण यादीत असणं आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असणं या दोन गोष्टी आहेत. सर्पदंशाची लस केंद्रात आहे का, हे विचारायला आपण बायका शिकलो. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत तेच बोट धरून आणखी एक प्रश्न विचारता येतो : नॅलोक्सोन आहे का, किती आहे, मुदत संपलेलं तर नाही ना, आणि रात्रीच्या नर्सताईंना ते माहीत आहे का?

दुसरा प्रश्न गिरणीतल्या त्या बायकांनी आपल्यासाठी ठेवलेला आहे. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून कोयता घेऊन जोड्या निघतात, तेव्हा शाळेतल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. तान्हं बाळ मात्र आईबरोबर फडात जातं. पहाटे उसाच्या बांधावर, झोळीत, थंडीत. ते सांभाळायची सोय कुणी केली? शंभर वर्षांपूर्वी मुंबईत या प्रश्नाला उत्तर नव्हतं, तेव्हा बाजारानं गोळी पुढं केली. आपल्या बायकांनी आजवर बाळ छातीशी बांधून ऊस तोडला आहे. पण त्यांच्या सोसण्यावर कारखाना किती वर्षं चालवायचा? फडावर पाळणाघर हवं, ही मागणीही आपल्या ठरावाच्या वहीत लिहा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. एकीनं जमिनीवर झोपायचं, दुसरीनं तिची हनुवटी उचलून दाखवायची, तिसरीनं १०८ ला काय सांगायचं ते मोठ्यानं म्हणायचं. आशाताईंना बोलवा, त्या चुकलं तर दुरुस्त करतील. आणि दारात चपला घालताना जी मैत्रीण हळूच काही सांगते, तिला परत आत बोलावून बसवा. तिच्या घरात कुणी झोपलेलं असेल, तर आज रात्री तिनं एकदा त्याचा श्वास मोजून बघायला हवा.